म्हशीपाशी रेंज

आमच्या वाडीत मोबाइलची रेंज एकाच जागी यायची: काकूच्या गोठ्यात, गव्हाणीच्या डाव्या कोपऱ्यात, थेट म्हशीच्या तोंडाशी. का, ते देवालाच ठाऊक. बाकी खालच्या डिंगोरे गावावरून वर डोंगराकडं आलं की फोन म्हणजे नुसती बॅटरी, अंधारात चप्पल शोधायला.

काका गेल्यापासून काकू एकटी. पोरबाळ नाही, घर वाडीच्या पार टोकाला, दिवसदिवस दारात माणूस फिरकायचं नाही. बोलायला एक ती म्हस. आणि मग एकदम ही रेंज! सकाळपासून रीघ. कुणी मंचरला कांद्याचा भाव विचारतोय, कुणी मुंबईच्या लेकाला शिव्या घालतोय, आणि सगळे बेंबीच्या देठापासून ओरडून. आमच्याकडं माणूस जितका लांब तितका आवाज मोठा. मधे फोन असला म्हणून काय झालं? माझी म्हस बिथरवता का, म्हणून काकू प्रत्येकावर खेकसायची, आणि खेकसता खेकसता चहाचं आधण वाढवायची. इतकी खूश मी तिला काका असतानाही पाहिली नव्हती.

मग वाडीच सरकायला लागली. रेशनच्या अंगठ्याच्या मशीनला रेंज लागते, म्हणून दुकानदारानं मशीन गोठ्यात आणलं. मशीनमागं गव्हाची पोती आली, पोत्यांमागं बायका, बायकांमागं भाजीवाली, आणि एक दिवस न्हावी खुर्ची घेऊन हजर. जीपवाला झाडाखालचा पार सोडून इकडं थांबायला लागला. पंचायतीनं मोठ्या हौसेनं बांधलेली बसायची शेड शेळ्यांनी बळकावली. रस्ता आखायला आलेले इंजिनिअरसाहेब आधी देवळापाशी टेप धरून उभे होते. पण बायकोचा फोन घ्यायला म्हशीपाशी गेले ते तासभर तिथंच 'हो, हो, आणतो' करत राहिले. सिमेंटचा रस्ता मंजूर झाला तो गोठ्यापर्यंत. गावं म्हणे नदीकाठी वसतात. आमचं शेणाकाठी वसलं.

म्हस पहिल्यांदा बुजली. नंतर मात्र अशी सरावली, की कुणी आरडाओरडा केल्याशिवाय बाई पान्हाच सोडेना.

आणि टेकडीवर टॉवर आला. घरोघर रेंज! लोक आपापल्या खाटेवर पडून ओरडायला लागले. मशीन गेलं, पोती गेली, न्हाव्यानं खुर्ची उचलली. गुळगुळीत रस्ता तेवढा काकूच्या दारात येऊन थांबलेला, आणि त्यावर कुत्रं झोपलेलं. काकू पडवीत बसून रस्त्याकडं बघत राहायची. मला त्या टॉवरचा लई राग आला. प्रगती म्हणे! डोंबलाची प्रगती.

मग ग्रामसभेत काकू उठून उभी राहिली, जन्मात पहिल्यांदा. लोकांना वाटलं, टॉवरच्या लहरींचं काहीतरी काढणार. ती म्हणाली, "म्हस दूध चोरती. तिला माणसांचा आवाज लागतो. धारंच्या वक्ताला रोज कुणीतरी येऊन फोनवर बोला."

सभा पोट धरून हसली. सरपंच तर खुर्चीतून पडायचे राहिले. पण हसून झाल्यावर पाळी खरंच लागली. कॅनॉलच्या पाण्याला असते तशी, रोज संध्याकाळी एक घर.

परवा गावी गेलो, तर नेमकी आमच्या घराची पाळी. गोठ्यात शिरलो, तर रेशनवाला पाळी नसताना चहा पीत बसलेला. न्हावीही होता. म्हशीकडं बघितलं आणि चमकलो. कास पार सुकलेली, म्हस भाकड! मी तोंड उघडणार, तेवढ्यात रेशनवाल्यानं माझा हात दाबला.

"गप राव," तो हळूच म्हणाला. "आटून लई दिस झालं. काकूला वाटतंय, आमाला कळलंच न्हाई."

काकू घासूनपुसून लखलखीत केलेली चरवी घेऊन आली, आमच्याकडं पाठ करून म्हशीखाली बसली, आणि गप का उभा राहिलास म्हणून माझ्यावर खेकसली. मी फोन कानाला लावला. पलीकडं कुणीच नव्हतं. तरी लई मोठ्यानं बोललो.