पोह्यांचा ट्रे

बालगृहातल्या मोठ्या मुलांना दत्तक पालक मिळावेत म्हणून एका संस्थेने मेळावा भरवला होता. तो कितपत उपयोगी पडतो, हे तपासायला मी गेले होते. हॉलमध्ये भावी आईबाप खुर्च्यांवर बसले होते आणि पंधरा वर्षांची रेश्मा त्यांच्यापुढे पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. नवा ड्रेस, चापूनचोपून घातलेली वेणी, नजर खाली. तिचा हा पहिला मेळावा नव्हता.

"स्वयंपाक येतो का गं?" पोहे खाता खाता एका बाईंनी विचारलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "फारच मोठी आहे हो." रेश्माला नीट ऐकू जाईल इतक्या हळू.

माझं डोकंच सणकलं. मुली बघायची ही सवय आपल्या हाडीमाशी इतकी खिळली आहे की लेकरू घरी न्यायचं तरी आपण आधी त्याच्या हातात ट्रे देतो. अरे, पोरगी आई शोधतेय, स्थळ नाही! आणि बघून नाकारलेली मुलगी निदान आपल्या आईच्या कुशीत रडते. हिने कुठे जाऊन रडायचं?

"छान झाला ना कार्यक्रम?" संयोजक खुशीत होते. "किती कुटुंबं आली!"

"आली, खाल्लं आणि गेली," मी म्हणाले. त्यांना ते कौतुकच वाटलं.

मागे मोरीपाशी रेश्मा बशा विसळत होती. मला बघून म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी मला आतच ठेवायला सांगा ना. पोहे मी करीन. बाहेर त्या नव्या मुलीला पाठवा. तिला अजून हसता येतं."