शुक्रवारची सुट्टी

त्या दिवशी शुक्रवार होता. मी बार्शीला गेलो. तिथली शाळा भरलेली होती.

इतकी वर्षं झाली, तरी त्या शाळेची घंटा माझ्या कानातून गेलेली नाही. नोकरीत खून आले, दरोडे आले. पण एखादं प्रकरण सांगा म्हटलं की मला हेच आठवतं. यात रक्त नाही, पाठलाग नाही. एक मास्तर होते. त्यांना परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं होतं, आणि ते चुकीच्या माणसाच्या हाती लागले होते. ते माझे मित्र होते, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मी जिथं चुकलो ते वाचकाला नीट कळेल.

दुसरं महायुद्ध संपलं होतं. रझाकारांची धामधूम अजून पुढं होती. मी निजामाच्या पोलिसात अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. ठाणं धाराशिवला. सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद. बोलताना सगळे धाराशिवच म्हणत. ठाण्याचा रोजनामचा उर्दूत, कोर्ट उर्दूत, शाळेतलं गणितसुद्धा उर्दूत. इंग्रजी हा एक विषय, आणि तो शिकवणारे हे मास्तर. मूळचे बेंबळीचे. पुण्यात वार लावून जेवून बी. ए. झालेले.

मी संध्याकाळी त्यांच्याकडं इंग्रजी शिकायला जात असे. माझ्या चुका ते पेन्सिलीनं दुरुस्त करत. लाल शाई का वापरत नाही, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "लाल रंग तुमच्या खात्याचा, अमीनसाहेब. आमच्याकडं माणसाला खोडता येईल अशी चूक करू द्यायची असते."

त्यांची एक खंत होती. "समुद्रावरच्या कविता मी शिकवतो," ते म्हणत, "आणि मी पाहिलेलं सगळ्यात खोल पाणी म्हणजे बेंबळीची विहीर."

प्रकरणाची खबर आणली शिंप्यानं. ठाण्याचे गणवेश तोच शिवायचा. माझ्या खांद्याचं माप घेता घेता म्हणाला, "साब, एक बात सांगू? एका महिन्यात चार मास्तरं सूट शिवायला टाकून गेलेत."

"मग तुझा धंदा चालला. रडतोस कशाला?"

"रडत न्हाय, साब. पर लगन न्हाय, ईद न्हाय, आन मास्तर लोक सूट घालून जाणार कुठं? येडशीला? चौघांचंबी एकच म्हननं, जाडं कापड लाव, तिथं थंडी हाय. म्या म्हनलं, कुठं? तर बोलायला तयार न्हाईत."

शिंपी, न्हावी आणि टांगेवाला यांना गावातली गोष्ट पोलिसाच्या आधी कळते. मी चौकशी केली. मुसाफिरखान्यात एक गृहस्थ उतरले होते. सोनेरी काड्यांचा चष्मा, बोलणं गोड. आफ्रिकेत आपल्या हिंदी व्यापाऱ्यांनी चालवलेली एक शाळा आहे, तिला इंग्रजीचे शिक्षक हवेत, आणि त्यांना निवडायचं काम आपल्याकडं आहे, असं ते सांगत. अर्जदारांमध्ये माझे मास्तरही होते. मला त्यांनी सांगितलं नव्हतं, याचं थोडं वाईट वाटलं.

"सांगणार होतो," मास्तर म्हणाले. "पण तुमचा चेहरा आठवायचा आणि राहून जायचं." मग त्यांनी नेमणुकीचं पत्र माझ्या हातात दिलं. टाइप केलेलं, वर शाळेचं आणि गावाचं नाव, खाली सही. मास्तरांच्या विद्वत्तेची स्तुती, राहायला घर, शाळेच्या वेळा, आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, आणि शाळेला तिथल्या इंग्रज सरकारची मान्यता.

मी ते पत्र चार वेळा वाचलं. इंग्रजी इतकं चांगलं वाटलं की माझ्या वहीत नमुना म्हणून उतरवून घेतलं. गृहस्थांनाही भेटलो. बोलण्यात कुठं अडखळले नाहीत. ठाण्यात येऊन मी रोजनामच्यात नोंद केली : आक्षेपार्ह काही आढळले नाही.

मास्तरांच्या आई बेंबळीहून आल्या होत्या. त्यांनी मला बाजूला बोलावलं. "बाबा, तू सरकारी माणूस. खरं सांग, ही आफ्रिका सोलापूरच्या अल्याड का पल्याड?"

"पल्याड, आई. लई पल्याड. बोटीनं जावं लागतं."

"मंग त्याला सोडायला तू जाशील का बोटीपातूर?"

"जाईन."

"मंग जाऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "हितं तो मनानं न्हाईच."

गृहस्थांच्या दोन अटी होत्या. बी. ए. आणि मॅट्रिकच्या अस्सल सनदा त्यांच्याकडं द्यायच्या. मुंबईत त्यांवर शिक्के घ्यायचे आहेत. आणि इथल्या नोकरीचा राजीनामा आधी द्यायचा. मोकळा माणूसच त्यांना चालतो. सनदा मास्तरांनी देऊन टाकल्या होत्या. शनिवारी शाळा उघडली की दहा वाजता राजीनामा द्यायचा आणि सोमवारी निघायचं, असं ठरलं. संस्थानातली सरकारी नोकरी एकदा सोडली की परत मिळत नसे. घरात दुसरा मिळवता माणूस नव्हता.

आदल्या दिवशी शुक्रवार. आमच्या संस्थानात कचेऱ्या आणि शाळा शुक्रवारी बंद असत. मी सुट्टीला अनेकदा बार्शीच्या वाचनालयात जात असे. मोटारीनं येडशी, तिथून छोट्या गाडीनं बार्शी. बार्शी इंग्रजांच्या मुलखात. आमच्याकडं बंदी असलेली वर्तमानपत्रं तिथं उघड मिळत. अमिनानं ती वाचावीत की नाही, हा प्रश्न मी करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडल्यावर स्वतःला विचारत नसे.

वाचनालयाच्या वाटेवर शाळा होती. आतून पाढे ऐकू येत होते. मी पुढं गेलो. दहा-बारा पावलं गेल्यावर घंटा झाली, आणि पोरं पाणी प्यायला बाहेर आली. मी थांबलो. त्या रस्त्यानं मी कितीतरी शुक्रवारी गेलो होतो. शुक्रवारी इथं शाळा असते हे मला माहीत होतं, पण कधी त्याचा विचार केला नव्हता.

मी आत जाऊन हेडमास्तरांना विचारलं, "तुमच्याकडं सुट्टी रविवारी ना?"

"इंग्रजी अमलात सगळीकडं रविवारीच," ते म्हणाले. "मुंबईत तेच, आफ्रिकेत तेच. का हो?"

मी वाचनालयात गेलोच नाही. स्टेशनवर परतीच्या गाडीची वाट पाहत बसलो. ते पत्र इंग्रजी अमलातल्या शाळेचं होतं, आणि सुट्टी आमच्या संस्थानाची होती. ते लिहिणारा आमच्यापैकीच कुणीतरी होता. त्याला शुक्रवार खटकला नाही, मास्तरांना खटकला नाही, आणि मी तर ते वहीत उतरवून घेतलं होतं. माणूस स्वतःच्या घराची सवय सगळ्या जगाची समजतो. त्या गृहस्थानं तीच चूक केली होती, आणि आम्ही सगळ्यांनीही.

दिवेलागणीला मी मास्तरांच्या घरी पोचलो. नवा सूट खुंटीला टांगलेला होता. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकलं.

"एका शुक्रवारावरून?" ते म्हणाले. "शाळा चालवणारे तिथले कुणी मुसलमान व्यापारी असतील. त्यांनी शुक्रवार ठेवला असेल."

"असेल. म्हणून म्हणतो, थांबा."

"तुम्हाला मी जायला नको आहे, अमीनसाहेब." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आता सांगा, मी पोलिसाचं ऐकू की मित्राचं?"

ते म्हणत होते ते खरं होतं. मला ते जायला नकोच होते. मी एवढंच म्हणालो, "उद्या आठ वाजता ठाण्यात या. मागच्या खोलीत बसा. फक्त ऐका. दहा वाजता वाटलं तर राजीनामा द्या, सोमवारी मी स्वतः टांग्यात बसवून देईन."

सकाळी गृहस्थांना बोलावून घेतलं. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि ‘तुम्ही’च म्हटलं. सभ्य कपड्यातल्या माणसाला दरडावलं की तो गप्प होतो. मान दिला की बोलत राहतो.

"तुम्ही स्वतः त्या शाळेत होता म्हणे?"

"दोन वर्षं, साहेब."

"आम्ही अडाणी माणसं. तिथला आठवडा कसा जातो, सांगा की."

ते रंगून सांगू लागले. शनिवारी आठवडा सुरू, प्रार्थना, कवायत. गुरुवारी अर्धा दिवस. शुक्रवारी बंद.

"आणि रविवारी?"

"रविवारी पुरा दिवस शाळा."

"मग सरकारचे गोरे साहेब शाळा तपासायला येतात, ते रविवारी चर्च सोडून येतात का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तिथं... तसा विशेष हुकूम आहे," ते म्हणाले.

एवढ्यावर माणसाला आत टाकता येत नाही, हे मला कळत होतं. पुढचा प्रश्न जुळवत होतो, तेवढ्यात मागच्या खोलीतली खुर्ची सरकली आणि मास्तर बाहेर आले. ऐकत बसायचं त्यांनी कबूल केलं होतं. पण वर्गात चुकीचं उत्तर ऐकून ते कधी गप्प बसले नव्हते. त्यांनी इंग्रजीत एकच प्रश्न विचारला : शाळेच्या खिडकीतून काय दिसतं?

गृहस्थांचा चेहरा उजळला. मास्तरांना काय ऐकायला आवडतं, हे त्यांना ठाऊक होतं. "समुद्र, मास्तरसाहेब," ते म्हणाले. "खिडकी उघडली की समोर समुद्र."

मास्तर माझ्याकडं वळून म्हणाले, "वर्गातल्या नकाशावर मी त्या गावाला पेन्सिलीनं खूण केली आहे. किनारा तिथून चार बोटं दूर आहे. मधे सगळं रान." आणि खाली बसले.

झडतीत, पंचांसमक्ष, मुसाफिरखान्यातल्या ट्रंकेत सात सनदा सापडल्या. दुपारपर्यंत इकबाली जबाब, म्हणजे गुन्ह्याची कबुली, झाला. गृहस्थ संस्थानातल्याच एका शाळेच्या कचेरीत कारकून होते, कामावरून काढलेले. मुंबईच्या पुढं कधी गेले नव्हते. नेमणुकीचे हुकूम त्यांनी आयुष्यभर टाइप केले होते. जुनाच मसुदा घेऊन त्यांनी फक्त गावाचं नाव बदललं होतं, सुट्टीचा वार तसाच राहिला होता. लोकांच्या सनदा मुंबईत दुसऱ्यांना विकायच्या, आणि त्या नावानं ते नोकऱ्या धरायचे. राजीनाम्याची अट एवढ्याचसाठी, की माणूस इथून सुटला की त्याची चौकशी करणारं कुणी उरत नाही.

मास्तरांची मॅट्रिकची सनद सापडली. बी. ए.ची आधीच मुंबईला गेली होती.

"म्हणजे मुंबईत माझ्या नावाचा एक माणूस नोकरी करतोय," मास्तर म्हणाले. "सापडला तर अटक नंतर करा, आधी त्याचं इंग्रजी तपासा."

तो सापडला नाही. दुसरी सनद मिळवायला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत मास्तरांनी वर्ग घेतले, आणि आम्ही दोघांनी पत्रं लिहिली. मी मुंबईच्या सरकारी कचेरीत विचारलं, की आफ्रिकेत हिंदी लोकांच्या नोंदलेल्या शाळा कोणत्या आहेत. यादी आली. मास्तरांनी त्यांतल्या तीन शाळांना थेट लिहिलं. एकीचं उत्तर आलं. त्या पत्रात स्तुतीचा शब्दही नव्हता, नुसते प्रश्न होते. घरी गुजराती बोलणाऱ्या मुलांना पहिल्या महिन्यात काय शिकवाल? आजवर किती मुलं नापास झाली, आणि का? सनदेची साक्षांकित नक्कल पाठवा, अस्सल सनद स्वतःजवळ ठेवा. तुमचं इथलं काम सोडण्याआधी आमचा करार हाती येऊ द्या.

मास्तर ते पत्र वाचून हसले. "यांना माझी गरज आहे, म्हणून ते माझ्यावर शंका घेतायत," ते म्हणाले. पुढं नोकरीत मला हे फार उपयोगी पडलं. खोटा माणूस तुमच्याबद्दल सगळं मान्य करतो, खरा माणूस विचारतो.

पारपत्रासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागला. चौकशी माझ्याकडंच आली. या वेळी मी त्यातला प्रत्येक वार आणि गाव ताडून पाहिल्याशिवाय सही केली नाही, हे सांगायला नको.

आईंना दिलेला शब्द मी पुरा पाळू शकलो नाही. रजा मिळाली नाही. येडशीपर्यंत गेलो. गाडी सुटताना मास्तर डब्याच्या दारात उभे होते, अंगात तोच सूट. "अमीनसाहेब," ते म्हणाले, "तिकडची सुट्टी रविवारी. पत्र रविवारी लिहीन." त्यांचं पहिलं पत्र बोटीवरून आलं. समुद्राबद्दल एकच वाक्य होतं : विहिरीसारखा नाही.

संस्थान विलीन झालं, आणि आमच्याकडंही सुट्टी रविवारी आली. मी निवृत्त झालो. मास्तरांच्या आई बेंबळीतच वारल्या. मास्तरांना तार पोचली तेव्हा तेरावा उलटून गेला होता. ते परत आले नाहीत. तिथंच त्यांनी वीसहून अधिक वर्षं शिकवलं, तिथंच घर केलं, मला पत्रं रविवारीच लिहिली. या वैशाखात त्यांच्या मुलाचं पत्र आलं. वडील गेले, असं त्यात होतं. पत्र मंगळवारी लिहिलेलं होतं.

बनावट नेमणुकीचं अस्सल पत्र कोर्टात जमा झालं; ते आता कुठं असेल, ठाऊक नाही. माझ्याकडं वहीत उतरवलेली त्याची नक्कल आहे. तिच्यातल्या शुक्रवारखाली मास्तरांनी नंतर ओढलेली पेन्सिलीची रेघ आहे.