मुलाखतीतलं मांगेलहाफ्ट

मुरुडच्या आमच्या घरी पाहुणा तट्ट जेवून उठला तरी आई हात जोडून म्हणते, “काहीच केलं नाही हो, गोड मानून घ्या.” पानात सुरमई असते, घावने असतात, शिवाय जाताना नारळही हातात देते. त्यावर पाहुण्यानं “छे छे, भारी झालं होतं” म्हणायचं, ही रीतच. या रीतीपायी माझी हाती येऊ घातलेली नोकरी जायची वेळ आली होती.

मी अलिबागला एका दवाखान्यात नर्स. जर्मनीत काम मिळावं म्हणून ती भाषा शिकत होते. ऑनलाइन मुलाखतीत तिथल्या हेडनर्सबाईंनी विचारलं, म्हाताऱ्या रुग्णांची काळजी घेणं कितपत जमतं? माझं रोजचंच काम ते. पण तोंडातून निघालं, माझं काम मांगेलहाफ्ट आहे. ‘कमी पडणारं’ असा अर्थ मी पाठ केला होता. बाईंचं हसू तिथंच थांबलं. आता “छे छे” कोण म्हणणार?

शिकवणीच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, हा शब्द नापास पेपरवर लिहितात. गाडीचे ब्रेक धड लागत नसले की वापरतात. हिच्या हाती रुग्ण देऊ नका, असं तूच त्यांना सांगितलंस.”

शिकवणीच्या बाईंनी तिकडे समजावून आणखी एक संधी मागून घेतली, पण तोवर माझ्या मनात शंका शिरली होती. न जाणो, तो शब्द खराच असला तर? ही धास्ती अशी बसली की लावलेली सलाइन मी चार-चारदा जाऊन तपासायला लागले. आजवर कधी अशी वेळ आली नव्हती.

दुसऱ्या मुलाखतीत मी जीव मुठीत धरून सांगून टाकलं, मला हे काम चांगलं येतं. नंतर घरी आईला त्या वाक्याचा अर्थ सांगितला, तर ती दचकलीच. “स्वतःच्या तोंडानं असं बोलतात का गं? दृष्ट लागेल!” लगेच तिनं माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळल्या.

निवड झाली. शेजारच्या काकू कौतुक करायला आल्या. आई सवयीनं म्हणाली, “कुठलं हो, हिला काय येतंय! कसं व्हायचं तिथं एकटीचं?”

“छे छे,” काकू म्हणाल्या.

आई हसली नाही. तिनं माझा दंड घट्ट धरला होता. ती हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नव्हती. आणि मलाही, खरं सांगते, तेच वाटत होतं, कसं व्हायचं तिथं एकटीचं.