शाळेचा शंभर टक्के निकाल

नववीचा निकाल लागला आणि मुख्याध्यापकांनी बाबांना शाळेत बोलावलं. आई-बाबा ऊसतोडीहून नुकतेच परतले होते. सेनगावकडची आमची शाळा लहान, दहावीला एकच तुकडी. बहुतेक पोरं गावातल्या शेतकऱ्यांची, काही पेठेतल्या मुस्लिम दुकानदारांची, आणि ज्यांचे आईबाप दिवाळी झाली की कारखान्यावर जातात अशी आम्ही मोजकी. गणितात मला कसंबसं वर ढकललं होतं.

"पोरीला बाहेरून बसवा, सतरा नंबरचा फॉर्म भरून," मुख्याध्यापक म्हणाले. "दरसाल शंभर टक्के निकाल लागतो आपला. एवढ्याशा वर्गात एक जरी नापास झालं तरी शाळेचं नाव जातं."

बाबा शिकलेल्या माणसांपुढे सहसा तोंड उघडत नसत. आता मान हलवतील आणि संपलं, असं त्यांच्याशेजारी उभं राहून मला वाटलं.

"पण सर, रोज शाळेत येऊन राहिली ना ती? मंग बाहेरून काहून?"

बाजूच्या टेबलावर गणिताच्या बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सर, बसू द्या तिला आपल्याच शाळेतून. मी करून घेते तयारी."

"आणि नापास झाली तर?"

"तर मला बोला."

त्या वर्षी शाळा सुटल्यावर बाई मला थांबवून घेत. आई-बाबा पुन्हा तोडीला गेले, मी आत्याकडे राहिले. भाकरी थापताना प्रमेयं पुटपुटायची. पण गणिताच्या पेपरला पहिलाच प्रश्न वाचला आणि डोकं सुन्न झालं.

निकाल बाईंच्या मोबाइलवर पाहिला. बाकी सगळे पास. मी गणितात गेले. मुख्याध्यापकांनी बाईंना आत बोलावलं. दार लोटलेलं होतं, तरी त्यांचा चढलेला आवाज व्हरांड्यात येत होता. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बाई, माझ्यामुळे..."

"ते राहू दे. फेरपरीक्षा आहे. उद्या सकाळी ये."

फेरपरीक्षेत मी काठावर पास झाले. शाळेच्या निकालात माझं पास होणं कुणी धरलं नाही. बाबांना वाचता येत नाही. गुणपत्रिका हातात घेऊन त्यांनी विचारलं, "गणित कोन्तं यातलं?"

मी बोट ठेवलं. ते बराच वेळ तिथंच बघत राहिले.