गुंडो अण्णा आणि अर्धी फिरलेली बॅट

के. आर. पुरमच्या मेट्रो स्टेशनवर तपासणीच्या पट्ट्यावरून गुंडो अण्णांची पिशवी पुढे सरकली की दर रविवारी कुणीतरी ती उघडायला लावतं. आतून लोखंडी जाळीचा मास्क, छातीवरचं जाड पॅड आणि नडग्यांवर बांधायचे दोन कडक पट्टे निघतात.

"क्रिकेटा?" शिपाई विचारतो.

"बेसबॉल," अण्णा सांगतात.

"विकेटकीपर?"

"अंपायर."

शिपाई एकदा त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे आणि एकदा मास्ककडे बघतो आणि जाऊ देतो. शिपाई बदलतात, प्रश्न तेच राहतात. आता अण्णा क्रिकेटलाच हो म्हणतात. तेवढाच वेळ वाचतो.

गुंडोराव काटकर. यांचं घराणं कधी महाराष्ट्रातून इकडे कन्नड मुलखात आलं ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. घरात मराठी, दारात कन्नड, आणि रागावले की दोन्ही. आठवड्याचे सहा दिवस ते व्हाइटफील्डमधल्या एका मोठ्या सोसायटीच्या लिफ्टा सांभाळतात. लिफ्ट मधेच अडकली की आतली माणसं अण्णांना फोन करून ओरडतात. सातव्या दिवशी ते व्हाइटफील्डच्याच पुढच्या तांबड्या मातीच्या मैदानावर येतात, आणि तिथे आम्ही ओरडतो.

आम्ही म्हणजे रविवारच्या लीगमधले बेसबॉल खेळणारे. बहुतेक सगळे आयटीतले, पुण्या-नागपूरकडून आलेले, काही इथलेच. मी व्हाइटफील्डच्या संघातला राखीव खेळाडू, त्यामुळे माझं बरंचसं बेसबॉल बाकावरून बघून झालंय. बाकावरून खेळाडूंपेक्षा अंपायर जास्त दिसतो. कॅचर उकिडवा बसतो, त्याच्या मागे अण्णा वाकतात, चेंडू येतो, अण्णा उठतात. पुन्हा वाकतात. एका मॅचमध्ये हे इतक्या वेळा होतं की बघणाऱ्याच्याच गुडघ्यात कळ यावी. यंदा तर उठताना त्यांचा हात कॅचरच्या खांद्यावर जायला लागला होता. आमचा कॅचर देवाप्पा फक्त खांदा स्वल्प वर करायचा, आधार म्हणून.

डॉक्टरांनी वाकणं बंद करायला सांगितलं होतं. पण प्लेटमागे, म्हणजे बॅटर खेळतो त्या जागेमागे, उभं राहणारं दुसरं कुणी नव्हतं. होती ती एक सुप्रीता.

सुप्रीता हेब्बाळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेते. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेली, अंपायरची परीक्षा पास झालेली, आणि वर्षभर अण्णांबरोबर बॅटरने पळत गाठायच्या पहिल्या बेसजवळ उभी राहून धावबादचे निर्णय देणारी. लीग चालवणारे पद्मनाभ सर त्या रविवारी सकाळी अण्णांना म्हणाले होते, "पहिली मॅच बघतो. पोरांनी तिचे निर्णय गडबड न करता मानले, तर दुसऱ्या मॅचपासून मास्क तिच्याकडे. तुम्ही सुटलात."

"सरी," अण्णा म्हणाले. हा 'ठीक आहे'चा कन्नड शब्द ते लिफ्ट दुरुस्त झाल्यावर म्हणतात तसा म्हणाले. त्या दिवशी त्यांना एवढंच हवं होतं, पहिली मॅच गडबड न होता पार पडावी.

पण बेसबॉलमध्ये एक गोष्ट अशी आहे की तिच्यावरून गडबड व्हायचीच. बॅटर चेंडू मारायला बॅट फिरवू लागतो, मग चेंडू वाईट आहे हे लक्षात येऊन मधेच हात रोखतो. बॅट अर्धी फिरलेली. त्याने मारायचा प्रयत्न केला असं धरलं तर स्ट्राइक. हात वेळेत रोखला असं धरलं, तर चेंडू बाहेरचा असल्यामुळे बॉल, म्हणजे बॅटरच्या फायद्याचा. तीन स्ट्राइकला बॅटर बाद. बॅट प्लेटच्या पुढे गेली की स्ट्राइक असं सगळे हिरिरीने सांगतात, पण नियमात अशी रेषा कुठेच आखलेली नाही. प्रयत्न केला की नाही, एवढं अंपायरने ठरवायचं.

आणि ते ठरवायला सगळ्यात वाईट जागा प्लेट अंपायरची. त्याची नजर चेंडूवर असते, असायलाच हवी. बॅट त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते. म्हणून पद्धत अशी: स्पष्ट दिसलं तर स्वतः स्ट्राइक द्यायचा. शंका असली तर बॉल म्हणायचं, आणि कॅचरने मागणी केली की बेसजवळच्या सहकाऱ्याकडे बोट करून विचारायचं. तो बाजूने बघत असतो, त्याला बॅटचं टोक दिसतं. तो जे सांगेल ते शेवटचं. आणि विचारायचं ते ताबडतोब.

अण्णांना हे सगळं पाठ होतं. परीक्षेसाठी सुप्रीताला त्यांनीच शिकवलं होतं. पण स्वतः शिकले ते वेगळ्या मैदानावर. चामराजपेटेकडच्या त्या मैदानावर अण्णा एकटेच अंपायर असायचे. कॅचर म्हणायचा, "विचारा!" विचारणार कुणाला? मग अण्णा बॅटरलाच विचारायचे, "फिरवलीस का रे?" आणि बॅटर खरं सांगायचा. तीच तिथली रीत होती. खोटं बोललेल्या पोराला मॅचनंतर चहाला कुणी हाक मारत नसे. हॉटेल समोरच असल्यामुळे ही शिक्षा चांगलीच लागायची.

तर, पहिली मॅच. आमचा संघ हेब्बाळच्या संघापेक्षा एका धावेने पुढे. शेवटचा डाव, दोन बाद, बेस सगळे रिकामे. बॅटिंगला त्यांचा अद्वैत, पुण्याहून नुकताच आलेला, उजव्या हाताने खेळणारा. त्याच्यावर दोन स्ट्राइक झालेले. आणखी एक स्ट्राइक की आम्ही जिंकलो. तोपर्यंत सुप्रीताचा एकही निर्णय कुणी उचलून धरला नव्हता की पाडला नव्हता. सगळं गप्प चाललं होतं. ऊन चढलं होतं. अण्णा दोन चेंडूंमध्ये मास्क वर करून बाहीने कपाळ पुसत होते आणि पुसून झाल्यावरही मास्क खाली घ्यायला वेळ लावत होते.

चेंडू खाली, बाहेरच्या बाजूला आला. अद्वैतने बॅट फिरवायला घेतली आणि मधेच रोखली. चेंडू मातीत आपटून देवाप्पाच्या नडगीवर लागला आणि बाजूला घरंगळला.

"बॉल!" अण्णा म्हणाले.

"अण्णा, विचारा!" देवाप्पा ओरडला.

अण्णा अद्वैतकडे वळले. "फिरवलीस का रे?"

आम्ही बाकावर एकमेकांकडे बघितलं. अद्वैतही गोंधळला. मोठा माणूस विचारतोय म्हणून त्याने हेल्मेट काढलं. "नाही अण्णा. थांबवली मी."

तो खोटं बोलत नव्हता. बॅटर मनगटावरून ठरवतो. मनगट थांबलं की त्याला वाटतं बॅट थांबली. बॅटचं टोक तोवर पुढे निघून गेलेलं असतं, ते त्याला कळत नाही.

"अहो, त्याला काय विचारताय? चोराला विचारून चोरी पकडणार? तिला विचारा, तिला!" देवाप्पाने पहिल्या बेसकडे हात केला.

अण्णा दचकले. झोपेतून उठवल्यासारखे. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट पहिल्या बेसकडे केलं. सुप्रीताने क्षणभरही न घालवता मूठ वर केली. "फिरवली!"

म्हणजे तिसरा स्ट्राइक. पण चेंडू देवाप्पाच्या हातात नव्हता, आणि तिसरा स्ट्राइक कॅचरला पकडता आला नाही तर बॅटरला पहिल्या बेसकडे पळायची संधी असते. देवाप्पाला हे माहीत होतं. त्याने झेप घेऊन चेंडू उचलला आणि हेल्मेट हातात घेऊन उभ्या असलेल्या अद्वैतच्या पाठीला लावला. "आउट! चला, संपली मॅच!"

"काय संपली?" अद्वैतचा आवाज चिरकला. "मी उत्तर देत होतो! अंपायरने प्रश्न विचारल्यावर पळू कसा?"

"मग विचारल्यावर खरं बोलायचं."

"खरंच बोललो मी!"

"पुण्याचं खरं वेगळं असतं काय रे?"

दोन्ही संघ मैदानात उतरले. मीही उतरलो, एरवी संधी कुठे मिळते. हेब्बाळवाले म्हणत होते, अंपायरने बॉल सांगितला, बॅटरलाही विचारून घेतलं, आता पोरगी लांबून काय सांगते त्याला काय किंमत? आमचे म्हणत होते, तिचा शब्द शेवटचा. सुप्रीता पहिल्या बेसजवळच उभी होती. तिची मूठ आता खाली आली होती, पण उघडली नव्हती.

पद्मनाभ सर छत्री घेऊन मध्ये आले. "अण्णा, सोपं करा. तो चेंडू बॉलच धरा. पुढचा चेंडू टाकू द्या. कुणाचं काही बिघडत नाही."

कुणाचं बिघडत होतं ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसत होतं. त्या एका वाक्याने सुप्रीताने काही सांगितलंच नव्हतं असं झालं असतं. अण्णांनी मास्क काढून काखेत धरला. त्यांच्या गालांवर पॅडचे वळ उठले होते.

"तिने सांगितलं ते सांगितलं," ते म्हणाले. "स्ट्राइक."

"म्हणजे आउट!" देवाप्पा म्हणाला.

"आउट नाही. पळायच्या वेळेला मी त्याला बोलत ठेवलं. तो पहिल्या बेसवर जाईल."

"असा कुठे नियम आहे?"

"अंपायरच्या चुकीने कुणाचं नुकसान झालं तर ते भरून द्यायचं असतं. चूक माझी."

"चूक तुमची आणि शिक्षा आम्हाला?"

"होय," अण्णा म्हणाले. त्यांच्यात आणखी बोलायची ताकद नव्हती, आणि बहुतेक त्यामुळेच सगळे गप्प झाले.

अद्वैत पहिल्या बेसवर गेला. पुढच्या बॅटरने पहिलाच चेंडू सरळ आभाळात उडवला. आमच्या पिचरने दोन पावलं मागे जाऊन तो झेलला. मॅच संपली. एवढ्या भांडणाचं काही म्हणता काही झालं नाही. आम्ही जिंकल्याचा आरडाओरडासुद्धा जरा उशिरानेच केला.

अण्णा कडेच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर बसले. पाय सरळ पसरलेले. नडगीच्या पट्ट्यांचे बक्कल सोडायला वाकता येईना. सुप्रीता आली, खाली बसली आणि बक्कल सोडू लागली. एक सुटलं, दुसरं सुटलं, तरी तिने वर बघितलं नाही.

"बोल की," अण्णा म्हणाले.

"त्याला का विचारलंत?"

"सवय."

"मी उभी होते तिथे."

अण्णांनी पहिल्या बेसकडे बघितलं. आता तिथे कुणी नव्हतं. "दिसलीच नाहीस गं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं त्या बाजूला बघितलं की रिकामं असायचं. डोळ्याला माहीतच नाही तिथे माणूस असतं ते."

"वर्षभर आहे मी."

"होय."

तिने तिसरं बक्कल इतक्या जोरात ओढलं की अण्णांचा पाय हलला.

तेवढ्यात पद्मनाभ सर चहाचे कागदी कप घेऊन आले. ते खुशीत होते. "अण्णा, मानलं तुम्हाला. ऐन गडबडीत दोन्ही संघांना कसं शांत केलंत! हे तिला अजून जमायचं नाही. राहू दे तिला बेसवर आणखी वर्षभर. प्लेटला तुम्हीच लागता."

सुप्रीताने हातातला पट्टा जमिनीवर ठेवला आणि ती उभी राहिली. अण्णांनी चहाचा घोट घेतला. सकाळपासून ज्यासाठी ते वाकत-उठत होते ते हातातून गेलं होतं, आणि तेही कौतुक होऊन.

"सर," ते म्हणाले, "गडबड मी केली. तीच निस्तरली म्हणून शाबासकी काय देता? लिफ्ट मीच अडकवायची आणि मीच उघडून बक्षीस घ्यायचं?"

"अहो, तसं नाही..."

"तिला विचारलं तेव्हा तिने पटकन सांगितलं. जे दिसलं ते. तिचं काय चुकलं सांगा."

"चुकलं काही नाही. पण पोरं ऐकतील का तिचं?"

"माझं कुठे ऐकत होती? मी थकलेला दिसलो म्हणून गप्प बसली." अण्णांनी कप खाली ठेवला. "दुसऱ्या मॅचला ती इथे. मी बेसवर."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर मी घरी. मग तिला एकटीलाच उभं करा."

पद्मनाभ सरांनी मैदानाकडे बघितलं. दुसऱ्या मॅचचे संघ सराव करून तयार होते. एका अंपायरवर लीग चालवायचे दिवस त्यांनीही काढले होते. "आजच्यापुरतं," ते म्हणाले.

"आजच्यापुरतं," अण्णा म्हणाले, आणि मास्क सुप्रीताच्या हातात दिला. आतलं पॅड घामाने भिजलेलं होतं. तिने ते टी-शर्टच्या टोकाने पुसलं, नाक मुरडलं आणि मास्क चढवला.

"एकच सांगतो," अण्णा म्हणाले. "दिसलं तर स्वतः सांग. माझ्यावर ढकलू नको."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर विचार. बॅटरला सोडून कुणालाही."

मास्कच्या जाळीतून ती हसली की नाही ते कळलं नाही.

दुसरी मॅच मी फक्त बघत होतो. आमचा संबंध नव्हता, पण घरी जावंसं वाटेना. अण्णा पहिल्या बेसमागे रेषेजवळ उभे होते, हात मांड्यांवर, ऊन थेट डोळ्यांत. तिसऱ्या डावात ते आलंच. दोन स्ट्राइक झालेले, चेंडू मातीत, बॅट अर्धी फिरलेली, कॅचरच्या हातून चेंडू सुटलेला.

"बॉल!" सुप्रीता म्हणाली, आणि कॅचर तोंड उघडतोय तोच तिचं डावं बोट अण्णांकडे वळलं.

इतक्या वर्षांत अण्णांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी मूठ वर केली. "फिरवली!"

बॅटर लगेच पळत सुटला, सरळ अण्णांच्या दिशेने. कॅचरने चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला. म्हणजे हाही निर्णय अण्णांचाच. ते जमेल तेवढे वाकले, पाय बेसवर कधी पडतो आणि चेंडू ग्लव्हजमध्ये कधी पोचतो ते बघत.

"आउट!"

"अण्णा, चष्मा विसरला काय घरी?" बॅटर परत जाताना म्हणाला.

चेंडू पिचरकडे गेला, पुढचा बॅटर आला, सुप्रीता कॅचरच्या मागे वाकली. तेव्हा कुठे अण्णांच्या लक्षात आलं की मूठ अजून वरच आहे. त्यांनी ती सावकाश खाली घेतली आणि पुन्हा मांडीवर टेकवली.