वजनावरचं पाणी

आईचा एकच प्रश्न होता आणि तो ती फक्त मला विचारायची. "ती असंल का गं तितंच? का पाण्यानं न्हेली?"

ती म्हणजे माझी धाकटी बहीण. चार महिन्यांची होऊन गेली. एवढ्या लहान पोरांना आमच्यात पुरतात. घरामागच्या लिंबाखाली तिला ठेवलं, वर एक चपटा दगड ठेवला, आणि दुसऱ्याच वर्षी उजनी धरणाचं पाणी गावावर आलं. मी तेव्हा चौथीत होते. शाळा बुडाली, माझं शिकणंही तिथंच थांबलं. आम्ही इंदापूरकडे नव्या गावठाणात आलो. दगड मागे राहिला.

नव्वद सालानंतर तीन-चार वर्षांनी मी बारामतीत एका बाईंकडे स्वयंपाकाला राहिले. बाई कॉलेजात गणित शिकवायच्या. पृथ्वीवरचे मोठमोठे वारे आणि समुद्रातले प्रवाह हा त्यांचा अभ्यास. मी कुणाशी फारशी बोलत नसे, पण एकदा विचारलंच, "एवढा वारा वहीत कसा मावतो?"

बाई हसल्या. "मावत नाहीच. म्हणून आम्ही बरंच सोडून देतो. बारीक भोवरे सोडायचे, वर-खाली होणं सोडायचं. फिरणारं पाणी म्हणजे नुसते उभे खांब, असं धरून चालायचं."

हे त्यांना मुलांना डोळ्यांनी दाखवायचं होतं. त्यांनी गाण्यांच्या रेकॉर्डच्या जुन्या यंत्रावर काचेचं रुंद भांडं ठेवलं, पण पाण्याच्या ओझ्यानं यंत्र आचके देऊ लागलं. कोपऱ्यात घरमालकिणीचं जातं पडलं होतं. मी म्हटलं, "बाई, ह्याच्यावर ठेवा. मी फिरवते."

डाळ भरडताना करतात तशी मधल्या खिळ्याला चिंधी गुंडाळून वरचा दगड मी जरा उचलून घेतला. त्यावर भांडं, भांड्यात वीतभर पाणी. तळाशी, कडेकडे, बाईंनी तराजूतलं एक लोखंडी वजन ठेवलं. बोटभर उंचीचं असेल. मी खुंटा धरला. एका चालीनं जातं ओढायला मला आईनं शिकवलं होतं. तोंडातल्या तोंडात गुणगुणत राहिलं की हात चुकत नाही.

"मोटारीपेक्षा तुझा हात बरा गं," बाई म्हणाल्या.

पाव तासानं पाणी भांड्याबरोबर असं फिरू लागलं, जसं काही गोठलंय. बाईंनी शाईचे थेंब सोडले. मला वाटलं, धुरासारखी पसरेल. शाई पसरली नाही. वरपासून तळापर्यंत सरळ उभी राहिली, वाळत घातलेल्या लुगड्यासारखी.

"आता हात हळू कर. अगदी किंचित."

मी हळू केला. पाणी मात्र आपल्या वेगानं पुढं सरकत राहिलं आणि शाईचे ते पडदे चालू लागले. वजनाजवळ आले आणि दुभंगले. वजन पार तळाशी, त्याच्यावर एवढं पाणी मोकळं, तरी शाई त्याच्यावरून जाईना. अगदी वर, पाण्याच्या तोंडाशीसुद्धा नाही. तिथं न दिसणारं काहीतरी उभं असावं तशी ती वळसा घालून गेली. मी भांड्यावर वाकले. पण हात थांबवला नाही.

"बाई, मधलं पाणी कुठं जातं?"

"कुठंच नाही. ते वजनाच्या वरच थांबतं."

मग मी विचारलं, उजनीच्या तळाशी दगड असला तर त्याच्यावरचं पाणीही असंच थांबेल का. का ते सांगितलं नाही. बाई म्हणाल्या, "छे गं. ह्या जात्यासारखी पृथ्वी फिरते खरी, पण तेवढ्याशा पाण्याला ते फिरणं जाणवत नाही. तिथं वारा आणि नदी नेतील तसं जायचं."

सणाला घरी गेले तेव्हा आईनं पुन्हा विचारलं. मी तिला भांड्याचं सगळं सांगितलं. बाईंचं शेवटचं बोलणं सांगितलं नाही.

"म्हंजी तिच्यावरचं पाणी तिला सोडून जात न्हाय," आई म्हणाली. "मला तितं ने."

मासे धरणारे एक म्हातारे तात्या दुपारी होडी घेऊन आले. आईच्या पदरात हळदीची पुडी बघून म्हणाले, "काय मावशे, माशांची वटी भरतीस का?"

"गप वल्हव. मागनं तुझ्या बायकूची भरीन."

जुन्या घरामागून दिसायचा तसा पलीकडच्या देवळाचा कळस टेकडीच्या खाचेत दिसू लागला तेव्हा आई म्हणाली, "हितं." तात्यांनी वल्हं उचललं. आईनं हळद सोडली. वारा होता, पाण्यावर बारीक लाटा होत्या, होडी आपोआप बाजूला चालली होती. हळद हलेना. ताटाएवढा पिवळा गोल तिथल्या तिथं राहिला. कितीतरी वेळ.

तात्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. आई नुसती बघत होती. मला बाईंचं बोलणं आठवत होतं.

परतताना होडी त्या पिवळ्याला लांबून वळसा घालून निघाली. काठावर उतरल्यावर आई पुढं चालू लागली. तिनं तो प्रश्न नंतर कधीच विचारला नाही. मी तात्यांना हळूच म्हटलं, "तुमी वळसा घातला ते बरं केलंत. हळदीवरनं वल्हं न्हाय मारलं."

तात्या होडी बांधत होते. त्यांनी मान वर केली.

"वळसा? मी तर सरळच आणली की."