चिनी मालिश आणि माझं तापलेलं डोकं

लहान मुलांच्या दवाखान्यात बसणाऱ्या माणसाला किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. ते आईच्या कडेवर बसून, खोकत खोकत, आपणहून आत येतात. हिंगोलीत दवाखाना टाकल्यापासून माझ्याकडे इतके साचलेत की मैत्रिणी जमल्या की चहा यायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, "हं डॉक्टर, नवीन काय?" त्या पोट धरून हसतात. मी मात्र सांगता सांगता पुन्हा नव्याने चिडते. आणि अलीकडे मला सगळ्यात जास्त कशानं चिडवलं असेल, तर चिनी मालिशनं!

झालं असं, की एका हिवाळ्यात सगळ्यांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरायला लागला. एक चिनी बाई गुबगुबीत पोराची बोटं चोळते, मग छाती, मग पाठीचा कणा. मागून हिंदीत आवाज : "बच्चे की खांसी, जड से गायब!" बस्स. त्या दिवसापासून माझ्या ओपीडीत येणारं प्रत्येक लेकरू आधी चोळून, मळून आणलेलं असायचं.

*

पहिला आला तो कुठल्याशा ऑफिसात क्लार्क असलेला एक तरुण बाप. पोराला साधी सर्दी. छाती तपासली, स्वच्छ होती. मी तसं सांगणार, तेवढ्यात त्यानं पोराचा हातच माझ्यापुढं धरला.

"मॅडम, फुफ्फुस या बोटात असतं ना? अंगठीच्या?"

"काय?"

"चीनच्या शास्त्रात सांगितलंय. हे बोट रोज चोळलं की छातीतला कफ सुटतो."

मी म्हणाले, "मी कॉलेजात होते तेव्हा फुफ्फुस छातीत होतं. मधल्या काळात सरकलं असेल, तर मला कुणी कळवलं नाही!"

त्यानं अगदी समजूतदारपणे मान हलवली. "व्हय. सिलॅबस बदलला असंल."

*

आता एक सांगते. कुणी लेकराचं बोट चोळलं, पाठीवरून हात फिरवला, यात माझं काही जात नाही. पोराला बरं वाटतं, आईलाही बरं वाटतं. साधा खोकला तसाही आपला आपण जातो. पण मालिश चालू आहे म्हणून पोराला तपासायलाच आणायचं नाही, हे जे आहे ना, तिथं माझं डोकं फिरतं.

*

शिरड शहापूरहून एक सासू-सून आल्या. कडेवर नुकतंच बसायला शिकलेलं लेकरू. सून शिकलेली, बोलायला चटपटीत.

"मॅडम, मी आईंची तेलमालिश बंद केलीय. अनहायजिनिक असते ना! आता चायनीज मालिशचा ऑनलाइन क्लास लावलाय."

झालं! सासू फुटलीच. "म्या ह्याच्या बापाला चोळलं, ह्याच्या आत्यांना चोळलं, ते गावठी! अन् त्या चीनच्या बाईनं चोळलं की सायन्स! काहून? तिच्या हाताला सोनं लागलं का?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी टेबलावर हात आपटून म्हणाले, "आजी, अगदी बराबर बोललात!"

आजींना जोर चढला. त्यांनी पिशवीतून तेलाची बाटली काढली. "मंग नाकात दोन-दोन थेंब सोडून राहिले म्या, ते बी बराबरच ना?"

मी खुर्चीतून उठलेच. नाकात सोडलेलं तेल फुफ्फुसात उतरतं, त्यानं न्यूमोनिया होतो, हे मी इतक्या वरच्या आवाजात सांगितलं की लेकरू रडायला लागलं. सून गालातल्या गालात हसली, तर तिच्यावरही ओरडले. दोघी बाहेर पडल्या. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालेलं मी ऐकलं :

"बाई लई तिखट हाय!"

*

मग गावात केंद्रच निघालं. "चायनीज बालमालिश केंद्र – खोकला, कफ, दमा." बोर्डावर एक ड्रॅगन. चालवणाऱ्याला सगळे मास्टर म्हणायचे. याआधी तो पाण्याचे फिल्टर बसवायचा.

एक दिवस हे मास्टर माझ्याच दवाखान्यात आले. पांढरा कोट घालून! माझ्याकडे कोट आहे, पण उन्हाळ्यात मी घालत नाही. हा माणूस मे महिन्यात घालून आला.

"मॅडम, तुमी औषध द्या, आमी मालिश देतो. मिळून काम करू."

"कुठं शिकलात?"

"चायनीज पद्धत हाय, मॅडम."

"ते कळलं. तुम्ही कुठं शिकलात?"

"ऑनलाइन."

"शिकवलं कुणी? चिनी माणसानं?"

"न्हाई, नागपूरचे सर हायेत."

"ते सर चीनला जाऊन शिकले का?"

मास्टरांनी कोटाची कॉलर नीट केली. मग म्हणाले, "त्यांचा मोबाईल चीनचा हाय."

मी त्यांना दार दाखवलं. आमच्या वंदना सिस्टरनं न विचारता मला पाण्याचा ग्लास आणून दिला आणि म्हणाली, "मॅडम, आज बीपीची गोळी घेतली का?"

*

हळदीच्या सीझनमध्ये वसमतकडून एक जोडपं आलं. पोरगं खोकून खोकून लाल झालेलं. बाप म्हणाला, "सकाळ-संध्याकाळ मालिश करून राहिलो, तरी खोकला वाढूनच राहिला."

मी छातीला स्टेथोस्कोप लावला, काढला, तर त्याची चकती पिवळी. पोराचे कान पिवळे, नाकपुड्या पिवळ्या. रुमालानं नाक पुसलं, तर रुमाल पिवळा!

"तुमचं काम काय?"

"हळद पॉलिश करायचा ड्रम हाय, मॅडम. सध्या लई काम हाय."

"आणि मालिश कुठं करता?"

"तिथंच. ड्रमच्या बाजूला बाज टाकली हाय. म्हंजे काम बी खोळंबत न्हाई."

म्हणजे हळदीच्या धुरळ्यात बसवून लेकराचा खोकला चोळत होते! मी बापाला म्हणाले, "पोराला आजच्या आज तिथून हलवा. आजीकडं ठेवा, मामाकडं ठेवा, कुठंही ठेवा!"

त्यानं ठेवलं मामाकडं. खोकला कमी झाला. आठवड्यानं मला सांगायला आला, "मॅडम, मामाच्या हाताची मालिश बराबर लागू पडली."

*

आता जे सांगणार आहे, ते मैत्रिणींना सांगते तेव्हा कुणी हसत नाही.

पुसेगावचं एक लेकरू. नुकतंच घरभर पळायला लागलेलं. बाप सांगत होता, "मास्टरकडं मालिश चालू हाय. ते म्हणतात, कफ उतरून राहिला."

मी छाती ऐकली. डाव्या बाजूला हवा जात होती. उजव्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. पुन्हा ऐकलं. काहीच नाही.

"खोकला सुरू कधी झाला? अचानक झाला का?"

"न्हाई न्हाई, सर्दीचाच हाय," बाप म्हणाला.

मागं भिंतीला टेकून लेकराची आई उभी होती. संगीता तिचं नाव. ती हळूच म्हणाली, "शेंगदाणे खाताना ठसका लागला. तवापासून."

नवरा मागं वळून म्हणाला, "तू गप बस. मॅडमला तपासू दे."

"तुम्ही गप बसा!" मी ओरडले. "तिला बोलू द्या!"

मग तिनं सांगितलं. ठसका लागला, लेकरू काळंनिळं झालं, मग सावरलं, पण खोकला थांबला नाही. तिनं नवऱ्याला सांगितलं, सासूला सांगितलं, मास्टरला तर रोज सांगितलं. "मी पहिल्या दिसापासून सांगून राहिले, मॅडम. कुणी ऐकूनच घेत न्हाई."

मी त्यांना तिथूनच नांदेडला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांना आधी फोन केला, गाडी बघून दिली, आणि गाडी सुटेपर्यंत त्या बापाशी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर काय बोलले असते, देव जाणे! नांदेडला दुर्बीण घालून लेकराच्या श्वासनळीतून शेंगदाण्याचा तुकडा काढला. लेकरू वाचलं.

तिथल्या डॉक्टरांनी तो तुकडा छोट्या बाटलीत घालून आईच्या हातात दिला. संगीता हिंगोलीच्या स्टँडवर उतरली. नवरा म्हणाला, आधी घरी जाऊ. ती म्हणाली, तुमी जा. लेकराला कडेवर घेतलं आणि चालत मास्टरच्या केंद्रात गेली. बाहेर बाया पोरं घेऊन रांगेत बसलेल्या. ती सरळ आत गेली, मास्टर दुसऱ्या एका पोराची पाठ चोळत होते, त्यांच्यासमोर बाटली आपटली आणि म्हणाली :

"हा घ्या तुमचा कफ!"

बाया एकेक करून उठल्या. आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात.

*

बरं, आमचे डॉक्टर लोक काही कमी नाहीत हं. उगाच त्यांना सोडून कशाला देऊ?

एक बाई आली. तिनं पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. लाल, पिवळ्या, जांभळ्या, खोकल्याच्या बाटल्याच बाटल्या. सगळ्या एकाच डॉक्टरांनी लिहिलेल्या. लेकरू पाळण्यातलं!

"मॅडम, ह्यातलं कोणतं बंद करू? हे सगळं पाजायला भ्या वाटतं, म्हणून मी मालिशवाल्याकडं गेले."

मी त्या डॉक्टरांना तिथल्या तिथं फोन लावला. आम्ही एकमेकांना चांगले ओळखतो. मी विचारलं, "अहो, एवढ्याशा जिवाला इतकी सिरप?"

ते म्हणाले, "काय करता मॅडम! बाटली दिली नाही, तर पेशंट मालिशवाल्याकडं जातो!"

"आणि तुमच्या बाटल्या बघूनच ती तिकडं गेली!"

पलीकडून त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "मालिशनं फरक पडला का?"

*

आणि परवाचंच. नरसी नामदेवहून एक बाप आला. तिथं देवळाच्या रस्त्यावर प्रसादाचं दुकान आहे त्याचं. सोबत दुसरीतली मुलगी, आरोही. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला.

"मॅडम, हिचा खोकला मला समजूनच न्हाई राहिला. झोपेत खोकत न्हाई. शाळेत खोकत न्हाई. घरी आली की सुरू! त्या व्हिडिओतली मालिश केली, तर गेला. मालिश बंद केली, तर परत आला. पुन्हा केली, पुन्हा गेला. आता तुमीच सांगा, चीनवाले खरे का न्हाई?"

मी तपासलं. छाती स्वच्छ, घसा स्वच्छ. एक्स-रेही बघितला, काही नाही. मी त्याला म्हणाले, "जरा बाहेर बसा. मला हिच्याशी बोलायचंय."

तो बाहेर गेला. मी आरोहीला विचारलं, "मालिश आवडते का गं?"

तिनं मान हलवली.

"गुदगुल्या होतात?"

"न्हाई."

"मग काहून आवडते?"

तिनं आधी दाराकडं बघितलं. मग माझ्या जवळ सरकून, अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मालिश करताना पप्पा फोन दुसऱ्या खोलीत ठेवतात. वाजला तरी उठत न्हाईत. अन् शाळेत काय झालं ते विचारतात."

मी तिच्या बापाला आत बोलावलं. तो हात जोडूनच आला. बाहेरच्या बायांनी त्याला माझ्याबद्दल बरंच काही सांगितलं असावं.

"मॅडम, चुकलं माझं. मला म्हाईत न्हवतं, तुमाला मालिशचा एवढा राग हाय. आजपासून बंद करतो."

"बंद कराल तर खबरदार!" मी इतक्या जोरात ओरडले की वंदना सिस्टर दार उघडून धावत आत आली. "चालू ठेवा! रोज! खोकला असला तरी, नसला तरी!"